नागपुरात ऑक्टोपस: आधी पाणी, मग प्राणी

प्रयोगशाळेत ऑक्टोपस येणार म्हटलं की गप्पा त्याच्या बुद्धीच्या होतात. नागपुरात खरी परीक्षा पाण्याची. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे खारं पाणी इथेच तयार करावं लागतं.

नळाला येणाऱ्या पेंचच्या पाण्यात क्लोरीन असतं, बोअरचं पाणी जड. म्हणून आधी आरओ गाळणी, त्यापुढे उरलेसुरले क्षार काढणारा डीआयोनायझर. या पाण्यात कृत्रिम समुद्री मीठ लिटरला साधारण ३६ ग्रॅम टाकतात. ३०० लिटरच्या टाकीला जवळपास ११ किलो लागतं. पंप लावून पाणी दिवसभर फिरवायचं आणि रिफ्रॅक्टोमीटर या खारेपणा मोजणाऱ्या उपकरणावर क्षारता हजारी ३५ (लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार) आली की टाकीत भरायचं. फिल्टरमध्ये विषारी अमोनिया आणि नायट्राइट संपवणारे जिवाणू वसायला सहा ते आठ आठवडे जातात. हे दोन्ही शून्यावर टिकल्याशिवाय प्राणी मागवू नये. ऑक्टोपस निव्वळ मांसाहारी असल्याने अमोनिया भरपूर सोडतो. त्याच वजनाच्या माशाला पुरणारा फिल्टर त्याला अपुरा पडतो.

मे महिन्यातल्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं, मीठ मात्र मागे राहतं. ३०० लिटरमधलं १५ लिटर उडालं की क्षारता ३५ वरून जवळपास ३७ वर जाते. ही तूट रोज गोड्या आरओ पाण्याने भरायची. खारं पाणी ओतलं तर क्षारता चढतच राहते, आणि ही चूक नवखे हमखास करतात.

सगळ्यात घातक तांबं. ऑक्टोपसच्या निळ्या रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या हिमोसायनिनमध्ये तांबंच असतं, तरी पाण्यात विरघळलेलं तांबं अत्यल्प असलं तरी त्याला मारतं. संत्र्याच्या बागांत बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी लागणारं मोरचूद हे तांब्याचंच संयुग, आणि माशांच्या परजीवींवरच्या कित्येक औषधांतही तेच असतं. अशी औषधं वापरलेली जुनी टाकी फुकट मिळाली तरी घेऊ नये. दगड-वाळूत मुरलेलं तांबं हळूहळू बाहेर येत राहतं. पितळी तोट्या नकोत. पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरची आतली नळी टायटॅनियमची आहे ना, हे विकत घेतानाच विचारावं.

चिलर तर हवाच. उष्ण कटिबंधातल्या जातींना २४-२५ अंश मानवतात. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि नेमकी तेव्हाच प्राण्याची गरज वाढते. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप लगेच सुरू करायचा आणि फ्रीजरमध्ये गोठवलेल्या बंद बाटल्या एकेक करून टाकीत सोडायच्या. बर्फ थेट टाकला तर क्षारता उतरते.

एका टाकीत एकच ऑक्टोपस. दोन ठेवले तर एक दुसऱ्याला खातो. त्याच्या शरीरात कडक अशी चोचच, ती जिथून जाईल तिथून तो अख्खा जातो. झाकणाला क्लॅम्प लावावेत, वायरींसाठीची भोकं स्पंजने घट्ट बुजवावीत. पंपाच्या तोंडावरही स्पंज हवा, नाहीतर भुजा ओढली जाते. लपायला बिनरंगी मातीचं मडकं उत्तम.

खाणं वजनाच्या ३ ते ५ टक्के: खेकडे, कोळंबी. धानाच्या बांधीतले खेकडे स्वस्त मिळतात, पण फवारणीचं विष त्यांच्यासोबत टाकीत येऊ शकतं; गोठवलेली समुद्री कोळंबी बरी. उरलेलं त्याच दिवशी काढावं. घाबरून त्याने शाई सोडली तर बंद टाकीत ती त्याच्याच कल्ल्यांत अडकते. निम्मं पाणी बदलून शाई शोषणारा ताजा सक्रिय कार्बन घालायचा.

बहुतेक जाती एक-दोन वर्षंच जगतात. मादी अंडी घातल्यावर खाणं सोडते. हा आजार नव्हे. डोळ्यांजवळच्या दृक्ग्रंथींच्या स्रावांचा परिणाम आहे. १९७७ साली शास्त्रज्ञ जेरोम वोडिन्स्की यांनी या ग्रंथी काढल्या, तेव्हा माद्या पुन्हा खाऊ लागल्या आणि जास्त जगल्या. एरवी अशा मादीला औषधं देऊ नयेत, बळेच भरवूही नये. कातडीवर जखमा दिसू लागल्या आणि ती भुजा नीट हलवेनाशी झाली की मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात भूल देऊन तिला शांतपणे मरण देण्याचा निर्णय लांबवू नये.