उत्पन्न निरंक : अपघाताच्या किमतीचा हिशेब कसा होत आला

रस्ते अपघातांमुळे देशाच्या जीडीपीच्या तीन टक्के नुकसान होते, हे वाक्य गेली वीस-पंचवीस वर्षे भाषणांत आणि अग्रलेखांत येत आहे. १९९९-२००० या वर्षासाठी केंद्रीय नियोजनाच्या कामी जो अंदाज केला गेला, त्यात हा खर्च सुमारे ५५,००० कोटी रुपये धरला होता. तीन टक्के आले ते तिथून. पुढे २०१८ सालासाठी सरकारी पातळीवरच झालेल्या अभ्यासात आकडा निघाला १,४७,११४ कोटी, म्हणजे जीडीपीच्या ०.७७ टक्के. त्या वर्षी दीड लाखाहून जास्त माणसे रस्ते अपघातांत गेली. जुनेच तीन टक्के लावले असते तर रक्कम पावणेसहा लाख कोटींच्या घरात गेली असती. एवढी तफावत रस्त्यांवरून कळत नाही. ती कळायची तर हिशेबात कोणाला, कसे आणि किती धरले हे बघावे लागते.

हिशेबाच्या दोन मुख्य रीती. पहिल्या रीतीत, अपघातात गेलेला माणूस उरलेल्या आयुष्यात किती कमावता, हे आजच्या किमतीत काढतात आणि त्यात दवाखाना, गाडीची दुरुस्ती, पोलीस-कोर्टाचा खर्च मिळवतात. दुसरीत लोकांना विचारतात, किंवा त्यांच्या वागण्यातून ताडतात, की मरणाचा धोका थोडा कमी व्हावा म्हणून ते किती पैसे मोजायला तयार आहेत. दुसऱ्या रीतीने आकडा सहसा मोठा येतो. ब्रिटनने जीवितहानीसाठी १९८८ पासून ती स्वीकारली. दिल्लीतल्या रस्त्यावरच्या धोक्याबद्दल अशी विचारपूस झाली, तेव्हा एका जीवाचे मूल्य सुमारे १३ लाख रुपये निघाले. २००७ साली ते प्रसिद्ध झाले.

जखमींच्या संख्येचाही घोळ आहेच. २०१८ ची पोलिसांकडची नोंद ४,६९,४१८ जखमींची, म्हणजे एका मृत्यूमागे जेमतेम तीन. आपल्याकडच्या अभ्यासकांनी मांडलेले प्रमाण मात्र एका मृत्यूमागे दवाखान्यात भरती करावे लागणारे १५ आणि किरकोळ जखमी ७० असे आहे. यातला कोणता आकडा धरला, त्यावर एकूण रक्कम कितीतरी पटींनी हलते.

या सगळ्यात एका वजाबाकीकडे फारसे कोणी बघत नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे. गेलेल्या माणसाच्या कमाईतून त्याचा स्वतःचा खाण्यापिण्याचा, कपड्यालत्त्याचा खर्च वजा करायचा का? ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात तो वजा करून पाहिला. मग निवृत्त माणसाचा हिशेब शून्याखाली जाऊ लागला, कारण तो कमावत नाही आणि खातो मात्र. त्याच्या मरणाने देशाचा फायदा झाला, असे कागदावर दिसू लागले. त्यावर उपाय म्हणून दुःखापोटी एक ठरावीक रक्कम वरून मिळवली गेली, आणि १९७१ मध्ये वजाबाकीच सोडून दिली.

आपल्याकडे ही वजाबाकी कायद्यात आली, तीही वेगळ्या वाटेने. देशाचे नुकसान आणि कुटुंबाची भरपाई हे दोन वेगळे हिशेब. भरपाईत खर्च वजा करण्याला अर्थ आहे, कारण घरच्यांच्या हाती कमावत्याचा खर्च जाऊन उरलेलाच पैसा येत असतो. पण जी कमावतच नाही तिच्या बाबतीत काय वजा करणार?

१९९४ मध्ये मोटार वाहन कायद्याला एक कोष्टक जोडले गेले. चूक कोणाची हे सिद्ध न करता, वय आणि उत्पन्न एवढ्यावर भरपाई काढता यावी, हा त्यामागचा चांगला हेतू. उत्पन्न नसलेल्यांसाठी मानीव, म्हणजे गृहीत धरायचे, उत्पन्न ठरले वर्षाला १५,००० रुपये. कमाई नसलेल्या नवऱ्याचे किंवा बायकोचे उत्पन्न धरायचे ते मागे राहिलेल्या कमावत्या जोडीदाराच्या एक-तृतीयांश. व्यवहारात हा नियम कोणाला लागत होता, ते सांगायला नको.

कागदावर मांडून बघू. नवऱ्याची कमाई महिना ३,००० रुपये, बायको ३७ वर्षांची, घर सांभाळणारी. वर्षाचे ३६,०००, त्याचा तिसरा हिस्सा १२,०००. वर्षाच्या उत्पन्नाला ज्या आकड्याने गुणायचे तो गुणक वयाप्रमाणे १६, म्हणजे १,९२,०००. आता कोष्टकाखालच्या टिपेप्रमाणे ती जगली असती तर स्वतःवर जे खर्चती ते वजा, पुन्हा एक-तृतीयांश. उरले १,२८,००० रुपये. वर अंत्यविधीचे २,०००, सहवास गमावल्याचे ५,००० आणि मालमत्तेच्या हानीचे २,५००. तिचे काम आधी तिसऱ्या हिश्श्यावर आणले, मग त्या तिसऱ्या हिश्श्यातून तिचे जेवण कापले. तेच काम करणारी, तेवढ्याच वयाची बाई शेजारी महिना ६,००० कमावणाऱ्याच्या घरात असेल, तर तिची किंमत बरोबर दुप्पट. पहाटेचा डबा, पाणी भरणे, सासूची औषधे, पोराचा अभ्यास हे दोन्ही घरांत सारखेच.

या कोष्टकातले छापील आकडे गुणकाशी जुळत नाहीत, हे १९९६ मध्येच न्यायालयाने दाखवून दिले होते. तरी ते जसेच्या तसे राहिले. १५,००० चा आकडा बदलायला २०१८ साल उजाडले; मधल्या चोवीस वर्षांत महागाई कुठे गेली हे कोणत्याही गृहिणीला विचारावे.

दावे चालवणाऱ्यांना एक रकाना चांगला ठाऊक आहे. मृताचा व्यवसाय : गृहिणी. उत्पन्न : निरंक. पगाराची पावती नाही, आयटी रिटर्न नाही, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला असला तर तो नवऱ्याच्या नावाचा. कापूस वेचणीला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचेही हेच, कारण जोडीने केलेल्या तोडीची उचल बहुतेक वेळा गड्याच्या नावावर पडते. पंचनाम्यात ‘घरकाम’ लिहिले की संपले.

बदल आला तो निकालांतून. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीत गेलेल्या गृहिणींच्या कामाचे मूल्य २००१ मध्ये महिना ३,००० रुपये धरले गेले. प्रकरण रस्त्याचे नव्हते, पण दाखला पुढे अपघातांच्या दाव्यांत चालला. २००९ मध्ये गुणक नव्याने ठरले आणि वजावट अवलंबितांच्या संख्येवर आली : दोन-तीन असतील तर एक-तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक-चतुर्थांश. २०१० मध्ये निकाल लागलेल्या एका गृहिणीच्या प्रकरणात अपघाताचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने आधी सहा लाखांचा हिशेब केला होता आणि मग बाई कमावत नव्हती म्हणून तो अडीच लाखांवर आणला होता. वरच्या न्यायालयाने सहा लाख परत दिले. जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत ‘काम न करणारे’ म्हणून बसवले जाते, यावरही त्या निकालात कडक शब्दांत बोट ठेवले गेले.

जानेवारी २०२१ चा निकाल यातला सर्वांत महत्त्वाचा. २०१४ मध्ये दिल्लीत दुचाकीवरून जाणारे नवरा-बायको एकाच अपघातात गेले, मागे दोन लहान मुली राहिल्या. भरपाई २२ लाखांवरून ३३ लाख २० हजारांवर नेताना न्यायालयाने २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला. घरकामात बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटे, पुरुषाची ९७. माणसांची देखभाल करण्यात तिची १३४, त्याची ७६. गृहिणीचे मानीव उत्पन्न धरायचे, आणि कमावत्याप्रमाणेच पुढच्या वाढीची टक्केवारीही त्यात मिळवायची, हे त्यातून पक्के झाले.

देशपातळीवरच्या टक्क्यांत मात्र ही बाई अजून नीट आलेली नाही. कमाईवर उभ्या असलेल्या रीतीत बिनपगारी काम मुद्दाम किंमत लावून घातले तरच येते. आणि ज्या जीडीपीशी तुलना करायची, त्यात घरच्यांसाठी रांधलेला स्वयंपाक धरतच नाहीत. म्हणजे अंशातही ती नाही आणि छेदातही नाही. शून्य पूर्णांक सत्याहत्तर ऐकून कोणाला समस्या आटोक्यात आल्यासारखी वाटत असेल, तर त्याने आधी ही गाळणी बघावी. महाराष्ट्रात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १५,२२४ माणसे गेली. त्यांत ज्यांच्या नावापुढे कमाई लिहिलेली नाही, त्यांच्या घरी त्या दिवसापासून चूल कोण पेटवते, हा खर्चाचाच प्रश्न आहे.

१ एप्रिल २०२२ पासून कोष्टकच कायद्यातून गेले. आता चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी सरसकट पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. इथे उत्पन्न विचारले जात नाही, ही मोठी सोय झाली. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही तर मृत्यूसाठी दोन लाख. पण ज्यांना खऱ्या नुकसानीएवढी भरपाई हवी, त्यांना चूक सिद्ध करण्याच्या जुन्या वाटेनेच जावे लागते. तिथे आजही पहिला प्रश्न मृताच्या उत्पन्नाचा, आणि गृहिणीच्या वारसांनी त्या रकान्यात ‘निरंक’ लिहायचे की तिच्या कामाचा रोजचा तपशील जोडायचा, हे त्यांच्या वकिलाच्या जाणकारीवर अवलंबून राहते.