हार्बरची तार

मोटरमन हँडल पुढे ढकलतो आणि माणसांनी खच्चून भरलेले बारा डबे काही सेकंदांत फलाट सोडतात. लोकलची सगळी मदार या पहिल्या ओढीवर असते. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबायचं आणि लगेच वेग पकडायचा, हे वाफेच्या इंजिनाला जड जायचं.

3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला विजेची गाडी धावली, तीही हार्बर मार्गाने. भारतातली ही पहिलीच. रुळांवर टांगलेल्या तारेत 1500 व्होल्टची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज होती. ती निवड त्या काळाला धरून योग्यच होती, कारण डीसी मोटर उभी गाडी हलवताना भरपूर जोर लावते आणि तेव्हा रेल्वेसाठी ती भरवशाची होती.

गाड्या वाढल्या तशी तार कमी पडू लागली. हिशेब सोपा आहे. एखाद्या गाडीला 30 लाख वॅट लागतात असं धरू. 1500 व्होल्टवर त्यासाठी 2000 अँपिअर प्रवाह लागतो. 25,000 व्होल्टवर फक्त 120. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तार तीच ठेवली तर हा तोटा जवळपास पावणेतीनशे पटींनी घटतो! डीसीच्या काळात म्हणूनच तारा जाड लागत आणि थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रं उभारावी लागत.

मग डीसीऐवजी 25,000 व्होल्टची एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज घेण्याचा बदल आधीच का नाही केला? 25,000 व्होल्टच्या तारेपासून पूल बराच दूर हवा, नाहीतर ठिणगी मधली हवा भेदून पुलाकडे झेपावते. जुने पूल तर तारेला जवळजवळ टेकलेले. कुठे पूल उचलायचा, कुठे रूळ खाली घ्यायचे, आणि हे सगळं गाड्या चालू ठेवून, रात्रीच्या जेमतेम काही तासांत. या कामाचं कौतुक फारसं झालं नाही याची मला खंत वाटते. पश्चिम रेल्वेवर ते 2012 मध्ये संपलं. सर्वांत आधी वीज आलेल्या हार्बरची पाळी सर्वांत शेवटी, एप्रिल 2016 मध्ये आली.

धावत्या लोकलमध्ये कधी पंखे अचानक मंदावतात, मोटरची घरघर थांबते आणि गाडी नुसती घरंगळत राहते. तिथे तारेचा छोटा तुकडा मुद्दाम वीजविरहित ठेवलेला असतो. दोन्ही बाजूंची एसी वीज वेगवेगळ्या फेजची असते, म्हणजे तिचे चढउतार एकाच वेळी होत नाहीत; ती एकमेकींना भिडू नये म्हणून. काही क्षणांत पेंटोग्राफ, म्हणजे गाडीच्या टपावरचा तारेतून वीज घेणारा सांगाडा, पलीकडच्या तारेला लागतो आणि पंखे पुन्हा वेग घेतात.