सोयाबीनचं फूल आणि बियाणं कंपनीचा धंदा

"कंपनीच्या बियाण्यात टर्मिनेटर जीन असतो, म्हणून ते दुसऱ्या वर्षी उगवत नाही." दर जूनमध्ये हा मेसेज फिरतो आणि शिकलेले लोकसुद्धा पुढे ढकलतात. टर्मिनेटरचं, म्हणजे पिकाचं बी वांझ करणाऱ्या तंत्राचं, पेटंट अमेरिकेत १९९८ ला निघालं खरं, पण ते बियाणं बाजारात कधी आलंच नाही, आणि आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात तर असल्या वाणाची नोंदणीच होत नाही.

हायब्रीड ज्वारीचं घरचं बी पेरून बघा, मस्त उगवतं. घोळ नंतर दिसतो, एक ताट कमरेएवढं, शेजारचं डोक्याच्या वर, एक अजून पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर न पडलेलं, तर दुसऱ्यात दाणा भरलेला. कारण शाळेतलाच मेंडेल. हायब्रीड म्हणजे दोन वेगळ्या वाणांचं लेकरू, जनुकांच्या जोडीत एक आईकडचं, एक बापाकडचं, आणि अशा विजोड जोड्यांनीच पिकाला जोम येतो. पण त्या झाडानं स्वतःच्याच परागावर बी धरलं की जोड्या फुटून नव्यानं जुळतात, पाव ठिकाणी दोन्ही आईकडचे, पाव ठिकाणी दोन्ही बापाकडचे, विजोड उरतात फक्त निम्म्या. एका पिढीत जोम घसरला, म्हणून दरवर्षी नवी थैली! १९६४ ला सीएसएच-१ हे ज्वारीचं हायब्रीड आलं आणि त्याच साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणं कंपनी काढली.

मग मराठवाड्यात, विदर्भात खरीप ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन आलं. त्याचं इवलंसं फूल उमलायच्या आधीच आतल्या आत परागीकरण उरकतं, बाहेरच्या परागाला वावच नाही, त्यामुळे हायब्रीड परवडेल असं करता येत नाही आणि लेकरू थेट आईसारखं निघतं. कंपनीची बॅग एकदा नेली की शेतकरी दोन-तीन वर्षं घरचंच पेरू शकतो. शिवाय ज्वारीला एकरी चार किलो बी लागतं तर सोयाबीनला तीस, म्हणजे गोदाम, हमाली, भाडं सगळं वाढलं. खासगी कंपन्यांचा जीव म्हणूनच हायब्रीड कापूस, मका, भाजीपाल्यात जास्त, आणि सोयाबीन बियाण्याचा बराच भार अकोल्याच्या महाबीजवर, म्हणजे राज्याच्या बियाणं महामंडळावर. सोयाबीनवाल्याकडून खरी कमाई होते ती तणनाशक आणि फवारणीच्या औषधांत.

घरचं बी वापरणाऱ्यांनी एक मात्र कराच. सोयाबीनचं टरफल फार पातळ, मळणीयंत्र जोरात फिरलं की आतल्या अंकुराला मार बसतो आणि वरून दाणा चांगलाच दिसतो. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा, आठवड्याभरात उलगडून मोजा. सत्तर धड उगवले तर एकरी तीस किलो पुरतं, थोडे कमी भरले तर बी वाढवा, फारच कमी भरले तर ते बी पेरू नका.