धरणाचं पाणी रांजणातलं का वाटतं?

पैठणच्या मावशीला मी संगणकावर केलेला नाथसागराचा देखावा दाखवला. दरवाजे उघडतात, पाणी खाली कोसळतं, फेस उसळतो. तिनं दोनदा पाहिलं आणि म्हणाली, "आरं, हे धरण हाय का फुटका रांजण?" जायकवाडीचे २७ दरवाजे मी मोजून बसवले होते, रंग बरोबर होता, उजेडही बरोबर होता. मावशीनं ओळखलं ते पाण्याच्या घाईवरून. दर पावसाळ्यात दरवाजे उघडल्याची बातमी आली की ती पुलाकडे पाणी बघायला जाते. पाणी पडायला किती वेळ घेतं, हे तिच्या डोळ्यांत बसलेलं आहे.

संगणकातलं पाणी लहान का दिसतं, हा प्रश्न संगणकाच्या बराच आधीचा आहे. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्यानं टॉर्की इथं लांब हौद बांधून त्यात जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून पाहिल्या. प्रतिकृतीच्या लाटा खऱ्या जहाजाच्या लाटांसारख्या हव्या असतील, तर वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवावा लागतो, हे त्यानं प्रयोगानं दाखवलं. कारण गुरुत्वाकर्षण. जहाज १६ पट लहान करता येतं, पृथ्वीची ओढ लहान करता येत नाही. धरणांच्या सांडव्यांच्या प्रतिकृती आजही याच नियमानं तपासतात. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेली जल संशोधन संस्था याच कामासाठी ओळखली जाते.

हिशेब सोपा आहे. १० मीटरवरून सुटलेलं पाणी खाली यायला साधारण १.४ सेकंद घेतं, म्हणजे सिनेमाच्या सेकंदाला २४ फ्रेमच्या (चित्रांच्या) गतीनं सुमारे ३४ फ्रेम. तेच १० सेंटिमीटरवरून पडलं तर ०.१४ सेकंद, जेमतेम ३ फ्रेम. उंची १०० पट कमी झाली की वेळ १० पट कमी होतो. आकार कळायला शेजारी माणूस किंवा झाड उभं नसलं तरी चालतं, पडायला लागलेला वेळच आकार सांगून जातो.

सिनेमावाल्यांनी हे हातानं करून पाहिलं. १६ पट लहान धरण बांधायचं, ते फुटताना सेकंदाला २४ ऐवजी ९६ फ्रेम टिपायच्या आणि २४च्या गतीनं दाखवायच्या. पडण्याची घाई गेली, पण थेंब फसवायचे. पाण्याच्या थेंबाचा आकार पृष्ठताण ठरवतो आणि त्याला प्रतिकृतीचं प्रमाण माहीत नसतं. ५ मिलिमीटरचा थेंब १६ पट मोठा भासला की पडद्यावर ८ सेंटिमीटरचा गोळा दिसतो. खरं पाणी इतका मोठा थेंब हवेत टिकू देत नाही, फोडून त्याचे तुषार करतं. म्हणून पाण्याच्या प्रतिकृती शक्य तितक्या मोठ्या बांधायचे.

संगणकातल्या पाण्याची मुळं अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत आहेत. नाविए आणि स्टोक्स यांची प्रवाहाची समीकरणं १९व्या शतकातच तयार होती, ती सोडवायला यंत्र नव्हतं. १९६५ साली फ्रान्सिस हार्लो आणि एडी वेल्च यांनी जागेची चौकोनी जाळी करून, तिच्यात खुणेचे कण सोडून, पाण्याचा मोकळा पृष्ठभाग कुठं आहे हे हुडकण्याची रीत मांडली. निक फॉस्टर आणि दिमित्री मेटाक्सस यांनी १९९६ मध्ये ती ॲनिमेशनमध्ये आणली. पाण्याचा कोंडलेला खांब एकदम मोकळा सोडून तो कसा पसरतो हे पाहणं, ही अशा प्रणालींची आजही ठरलेली चाचणी आहे. तिला 'धरण फुटणं' असंच म्हणतात. गोदाकाठच्या माणसाला हे नाव वाचताना क्षणभर थांबावंच लागतं.

१९९९ मध्ये जॉस स्टॅम यांनी गणित न कोलमडता मोठी कालपावलं, म्हणजे एका हिशेबापासून पुढच्या हिशेबापर्यंतची वेळेची उडी, टाकण्याची युक्ती दिली. काम झपाट्यानं होऊ लागलं, पण जाळी विरळ असली की बारीक भोवरे पुसले जातात आणि पाणी काकवीसारखं वाहतं. जाळी दुप्पट बारीक करावी तर घरं ८ पट होतात, कालपावलंही साधारण दुप्पट लागतात, म्हणजे मेहनत १६ पट. २००५ साली योंगनिंग झू आणि रॉबर्ट ब्रिडसन यांनी लॉस अलामॉसचीच १९८६ची एक पद्धत ॲनिमेशनसाठी घेतली. तिच्यात वेग कणांबरोबर राहतो आणि जाळीचा उपयोग फक्त दाब काढण्यापुरता होतो. माझ्या मते खरा फरक इथं पडला. पाण्यात चपळाई आली. आज प्रचलित असलेली बरीच साधनं याच घराण्यातली आहेत, ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२० पासून असलेली मँटाफ्लो ही पाण्याची प्रणालीसुद्धा.

माझी चूक मात्र फ्राउडच्या काळातलीच निघाली. ब्लेंडरचं एक एकक म्हणजे १ मीटर. मी २० मीटरचा देखावा सोयीसाठी २ मीटरच्या चौकटीत बसवला होता. प्रणालीनं २ मीटरचं पाणी अगदी प्रामाणिकपणे सोडलं, म्हणजे हवं त्याच्या तिपटीहून जास्त घाईत. देखावा खऱ्या मापाचा केल्यावर पडणं जागेवर आलं. पण मग जाळीचं एक घर वीतभर झालं, त्याहून लहान काही त्यात मावेना, आणि पाण्याच्या कडा गुळगुळीत दिसू लागल्या. तुषार आणि फेस वेगळ्या कणांनी वरून घालावे लागले. थेंब हवेत किती जातात, धुकं कुठून उठतं, गोदावरीच्या गढूळ पाण्यावर फेस किती मळकट असतो, हे कुठल्याच तयार सेटिंगमध्ये मिळत नाही. तिथं समुद्र निळा आणि फेस पांढरा.

परवा विसर्ग वाढवल्याचं कळलं तेव्हा पैठणला जाऊन सांडव्याची फीत सेकंदाला ६० फ्रेमनं घेतली. पाण्याचा एक वेगळा दिसणारा लोंढा निवडून तो कडेवरून सुटल्यापासून फेसात बुडेपर्यंतच्या फ्रेम घरी मोजल्या. आता देखाव्यातही तसाच एक लोंढा निवडून मोजतो आहे. दोन्ही आकडे जुळले की मग मावशीला बोलावीन.