डबलबारीचे थेट ध्वनिमुद्रण

दोन भजनी बुवांमधला समोरासमोरचा सामना जागेवरच, श्रोत्यांच्या दादेसह मुद्रित करून कॅसेट, सीडी किंवा इंटरनेटवरून पसरवण्याची कोकणातील रीत. तिचा मुलूख म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा, रत्नागिरीचा दक्षिण भाग आणि मुंबईतली चाकरमान्यांची वस्ती. पॉप बँड दौऱ्यावर असताना स्टेडियममध्ये मुद्रित होणारा ‘लाइव्ह अल्बम’ हा तिचा दूरचा भाऊबंद. पण स्टेडियममध्ये बँडसमोर फक्त श्रोते असतात. डबलबारीत गाणाऱ्यासमोर दुसरा गाणारा पेटी घेऊन, कान टवकारून बसलेला असतो.

बारी म्हणजे पाळी. एका मंडळाची बारी संपली की दुसऱ्याची सुरू होते. प्रत्येक बाजूला पेटीवर बुवा, जोडीला पखवाज, तबला, झांज आणि मागे कोरस. रूपावली, अभंग, गवळण, गजर असे भाग येतात आणि त्यांच्या मधे बुवा बोलतो. खरी झुंज या बोलण्यात असते. पुराणातला एखादा आडबाजूचा प्रसंग काढून पहिला बुवा सवाल टाकतो. दुसऱ्याने आपल्या बारीत त्याचे उत्तर द्यायचे आणि वर आपला सवाल ठेवायचा. टोमणे असतात, गुरूचे नाव निघते, मालवणीतली एखादी कोपरखळी सगळा मांडव हसवते. चिंतामणी पांचाळ, परशुराम पांचाळ, काशीराम परब, चंद्रकांत कदम ही नावे या परंपरेत आदराने घेतली जातात. जाहिरातीच्या फलकावर ‘डबलबारी भजनाचा जंगी सामना’ असे लिहिलेले असते आणि त्यात अतिशयोक्ती थोडीच.

असा सामना टेपवर उतरवताना पहिली अडचण आली ती वेळेची. सी-९० कॅसेटच्या एका बाजूला ४५ मिनिटे मावतात. बारी तासाच्या पुढे गेली की सवाल एका बाजूला आणि उत्तर पलीकडे, नाहीतर थेट पुढच्या कॅसेटवर. कॅसेट उलटेपर्यंत निसटलेली चार वाक्ये कायमची गेली. म्हणून विकायच्या कॅसेटमध्ये गजर आणि गवळणी उचलल्या जात आणि बोलणे गाळले जाई. ऐकायला ते गोड, पण त्याला डबलबारी म्हणणे कठीण. भांडणातला एकाच माणसाचा आवाज ऐकल्यासारखे ते वाटते.

पॉप संगीतातही कात्रीने असाच घात केला आहे. क्वीन या ब्रिटिश बँडने १९८६ च्या उन्हाळ्यात युरोपातल्या स्टेडियममधून दौरा केला आणि त्याच डिसेंबरात ‘लाइव्ह मॅजिक’ हा अल्बम काढला. एका तबकडीत मावावीत म्हणून त्यातली गाणी छाटली. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा मधला ऑपेरासारखा भागच गायब झाला आणि चाहते चिडले. (बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी शाळेला आपल्या पाचगणीत होता, हे जाता जाता.) स्टेडियमच्या अल्बममध्ये वेगवेगळ्या रात्रींचे तुकडे जोडता येतात, चुकलेला सूर नंतर स्टुडिओत पुन्हा गाऊन घेता येतो. डबलबारीत ही सोय नाही. कालच्या रात्रीचे उत्तर आजच्या सवालाला चिकटत नाही.

मुद्रणाचे तंत्रही दोन्हीकडे वेगळे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे स्टेडियममध्ये शंभर मीटरवरच्या श्रोत्याची टाळी मंचावर पाव सेकंदाहून उशिरा पोचते आणि जुळवणी करताना तिचा वेगळा विचार करावा लागतो. देवळाच्या सभामंडपात श्रोता हाताच्या अंतरावर असतो. तिथे अडचण उलटी. लाउडस्पीकरच्या यंत्रातूनच थेट आवाज उचलला तर बुवा आणि पेटी लख्ख येतात, पण हशा येत नाही, कारण श्रोत्यांसमोर माइकच नसतो. टोमणा ऐकू येतो आणि त्याच्या मागून शांतता. जाणता मुद्रक म्हणून एक माइक श्रोत्यांकडे वळवून ठेवतो. त्यात मग जनरेटरची घरघर, लहान पोराचे रडणे, जत्रेतल्या खेळण्यांची पिपाणी आणि ‘अमुक यांच्याकडून बुवांना पाचशे एक रुपये’ हा पुकाराही येतो. तो पुकारा काढून टाकू नये. गावात कोण कोण आले होते, त्याची तेवढीच नोंद उरते.

मुंबईत परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या बंदिस्त जागी आवाज स्वच्छ मिळे. तरी जत्रेतले मुद्रण ऐकणाऱ्याला अधिक जवळचे वाटते, हे कुठल्याही चाकरमान्याला विचारावे.

मुद्रणाचा परिणाम खुद्द सामन्यावरही झाला. पूर्वी देवगडात टाकलेला सवाल महिन्याभराने कुडाळात नवाच असे. आता तो दुसऱ्या दिवशी मोबाइलवर ऐकून समोरचा बुवा तयारीने येतो, म्हणून सवाल लवकर शिळे होतात. चालींचेही तेच. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे आणि मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातल्या मोजक्याच दिवसांना मिळते. पहाटेपर्यंत रंगणाऱ्या प्रकाराला हे जाचकच. क्रिकेटवरून नाव घेतलेली ‘ट्वेंटी-ट्वेंटी’ डबलबारी आणि तीन बुवांचा ‘तिरंगी सामना’ हे अलीकडचे प्रकार. त्यांतले छोटे तुकडे मोबाइलवर छान बसतात, मात्र सवाल उलगडायला फुरसत राहत नाही.

हक्कांचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा असला तरी सादरकर्त्याचे हक्क त्यात १९९४ च्या दुरुस्तीने आले. त्यामुळे बुवाच्या संमतीवाचून त्याची बारी मुद्रित करून विकणे गैर. पण त्याच बारीतला गजर चित्रपटगीताच्या चालीवर असेल तर त्या चालीचा मालक तिसराच निघतो.

इंटरनेटमुळे मात्र कॅसेटची ४५ मिनिटांची भिंत पडली. चार-पाच तासांचा सामना आता अखंड चढवता येतो. त्यात सुरुवातीची ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ येते, पेटीशी सूर जुळवताना पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक थापल्याचा थपथप आवाज येतो, आणि पहिली बारी सुरू होण्याआधी समोरच्या बुवाचे खाकरणेही.