तारेने आलेली मात

बुद्धिबळाच्या पटावर काळ्याचा घोडा जी5 या घरात येऊन बसला आणि पांढऱ्याने एच-पट्टीतलं प्यादं दोन घरं पुढे सारलं. झालं, घोडा अडकला! ई4, ई6, एफ3, एच3, कुठेही उडी मारली तरी मरण. उरलेल्या दोन घरांत आपलीच प्यादी. आणखी सहा खेळ्यांत, 19व्या खेळीला काळ्यावर मात.

काळ्या बाजूने खेळत होता स्टॅनफर्ड विद्यापीठातला संगणक, पांढऱ्या बाजूने मॉस्कोच्या सैद्धांतिक व प्रायोगिक भौतिकशास्त्र संस्थेतला. 22 नोव्हेंबर 1966 ला सुरू झालेली ही चार डावांची लढत नऊ महिने रेंगाळली. खेळ्या तारेने जायच्या-यायच्या ना!

स्टॅनफर्डचा प्रोग्राम मुळात एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातल्या अ‍ॅलन कोटॉक आणि त्याच्या सहाध्यायांनी 1959 ते 1962 दरम्यान लिहिलेला. त्यांचे मार्गदर्शक जॉन मॅकार्थी पुढे स्टॅनफर्डला गेले आणि तिथे तो सुधारला गेला. त्याची रीत माणसासारखी: पटावर शक्य असलेल्या तीसेक खेळ्यांतून बऱ्या दिसणाऱ्या चारच निवडायच्या, त्यांवर प्रतिस्पर्ध्याची तीन उत्तरं, मग दोन, पुन्हा दोन, पुढे एकेकच. चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे जेमतेम 48 वाटा. त्या वाटांवर नजर लांब पोचते, पण नेमकी घातक खेळी सुरुवातीच्या चाळणीतच गळाली, तर ती पुन्हा दिसतच नाही.

मॉस्कोकरांनी चाळणी लावलीच नाही. प्रत्येक नियमबद्ध खेळी विचारात घ्यायची, मग ती कितीही खुळचट दिसो. एका बाजूची एक चाल म्हणजे अर्धी खेळी. दर चालीला तीसेक पर्याय धरले, तर तीन अर्ध्या खेळ्या पुढे पाहायला 27,000 शक्यता, पाच पाहायचं तर 2 कोटी 43 लाख! अर्थात सगळ्या मोजाव्या लागत नाहीत. एखाद्या खेळीला एक सणसणीत उत्तर सापडलं की तिची बाकीची उत्तरं तपासून काय उपयोग? ही छाटणी, म्हणजे अल्फा-बीटा. हिच्यात काहीही हातचं जात नाही.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती डावांची वाटणी. मॉस्कोचा प्रोग्राम दोन डावांत तीन अर्ध्या खेळ्या पुढे पाहत होता. ते दोन्ही बरोबरीत सुटले. उरलेल्या दोन डावांत तो पाच पाहत होता आणि ते दोन्ही त्याने जिंकले. बरोबरीला दोघांना अर्धा-अर्धा गुण, म्हणून निकाल 3-1. घोडा अडकला तो या दुसऱ्या जोडीतल्या डावात.

मॉस्कोच्या चमूत गिओर्गी अडेलसन-वेल्स्की होते. संगणकशास्त्राची मुलं आजही माहिती झटपट शोधता यावी म्हणून ती मांडायच्या ज्या ‘एव्हीएल’ वृक्ष नावाच्या रचनेवर घाम गाळतात, त्यातला ‘एव्ही’ म्हणजे हेच गृहस्थ. या मंडळींचा पुढचा प्रोग्राम ‘काइसा’ 1974 मध्ये स्टॉकहोमला संगणकांच्या पहिल्या जागतिक बुद्धिबळ स्पर्धेत उतरला आणि चारही डाव जिंकून परतला.