सुई बघून चक्कर येते? मुठी आवळा

"अंग सैल सोडा, दीर्घ श्वास घ्या." रक्त द्यायला आलेला माणूस घाबरला की लॅबमध्ये त्याला हमखास हा सल्ला मिळतो. ज्याची नुसती छाती धडधडते त्याला तो ठीक आहे. सुई बघून जो चक्कर येऊन पडतो, त्याने मात्र याच्या नेमकं उलट करायला हवं.

साप दिसला की हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, आणि माणूस पळत सुटतो. सुईच्या नि रक्ताच्या भीतीतही सुरुवात अशीच होते. मग काही क्षणांत सगळं उलटं फिरतं. व्हेगस मज्जातंतू हृदयाचा वेग एकदम उतरवतो, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त पायांकडे साचतं आणि मेंदूला ते पुरत नाही. घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. जखम झाल्यावर दाब उतरला तर रक्त कमी वाहतं, म्हणून ही खोड उत्क्रांतीत टिकली असावी, असा एक तर्क आहे. तर्कच, पण पटण्याजोगा. शिवाय ही भीती बरेचदा घराण्यात चालत येते. त्यामुळे 'एवढा मोठा झालास आणि सुईला घाबरतोस?' हे विचारणं मला अन्यायाचं वाटतं.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात यावर सरळ उपाय विकसित केला: दाब उतरतो ना, मग तो चढवा. हात, पोट, पाय यांचे स्नायू १०-१५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सोडायचे. सोडायचे म्हणजे पूर्ण ढिले नव्हे, नेहमीसारखे. अर्ध्या मिनिटाने पुन्हा. असं पाच वेळा. श्वास मात्र कोंडायचा नाही. घरी रोज सराव केला तर ऐनवेळी जमतं.

बेशुद्धी टळली तरी भीती उरतेच. ती पायरीपायरीने उतरते: आधी सुईचा फोटो, मग हातात टोपण लावलेली सिरिंज, मग दुसऱ्याला टोचताना बघणं. प्रत्येक पायरीवर धडधड ओसरेपर्यंत थांबायचं. मध्येच पळ काढला तर सुटका झाल्याचा आनंदच भीतीला खतपाणी घालतो. लहान मुलांसाठी त्वचा बधिर करणारं मलम मिळतं. डॉक्टरांना विचारून ते साधारण तासभर आधी लावावं लागतं.

लॅबमध्ये गेल्यावर लाजू नका, 'मला चक्कर येते' हे आधीच सांगा आणि आडवे पडूनच रक्त द्या. ज्या हाताला टोचणार तो सैल ठेवा, बाकी अंग आवळा. नंतरही लगेच उठू नका.